मागचे पाटे मालाचे, पुढचे पाटे वाटेचे



कापूस पिकवायला पावसाची वाट पाहावी लागते आणि पिकलेला कापूस घरी आणायला पांदण वाळण्याची. काळ्या जमिनीतली पांदण पावसाळ्यात चिखल असते. कार्तिकात वेचणीला सुरुवात होते तेव्हा त्याच चिखलातल्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक झालेल्या असतात. एक चाक खोल चाकोरीत, दुसरे धुऱ्यावर, अशी गाडी तिरपी होत चालते. बैलबंडीला हे सोसते, तिला घाई नसते. पण आता कापूस, कडबा, खताची पोती, वेचणीला जाणाऱ्या बायका आणि अडल्या रात्री दवाखान्यात न्यायची बाळंतीण, हे सारे गावातल्या जुन्या जीपवर आणि पिकअपवर येऊन पडले आहे. म्हणून या गाड्यांच्या पुढच्या पाट्यांबद्दल आज लिहितो आहोत. विषय मिस्त्रीचा वाटेल, पण खिसा आणि जीव आपला आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. तेव्हापासून एमएम ५४० पर्यंतच्या जीपांना पुढे आणि मागे दोन्हीकडे पाटेच आहेत. नव्या गाड्यांना पुढे बहुधा कॉइल स्प्रिंग येते. पण शेतात राबणारी जुनी जीप अजून पाट्यावरच चालते. ही गाडी पुढून बसली की मिस्त्रीकडे एकच औषध असते : "टाका आणखी एक पाटा." गाडी उचलली जाते, मालक खूश होतो. पुढच्या हंगामात शॅकल तुटते, चेसिसला चीर जाते, नाही तर मुख्य पाटाच मोडतो. मग आणखी जाड पाटा. हे म्हणजे ताप आलेल्या माणसाला घोंगड्यांवर घोंगड्या घालण्यासारखे आहे.

आमचे म्हणणे साधे आहे. मागचे पाटे मालासाठी असतात, पुढचे पाटे वाटेसाठी. मागच्या एक्सलवर आज दोन क्विंटल, उद्या दहा क्विंटल पडते, म्हणून तिथे कडकपणा लागतो. पुढे मुख्य वजन इंजिनचे, आणि ते रोज तेवढेच. पुढच्या पाट्याचे काम माल तोलण्याचे कमी आणि चाक जमिनीला धरून ठेवण्याचे जास्त. पुढचे पाटे कडक केले की एक पुढचे चाक उंचवट्यावर चढताच गाडीचे अंग तिरपे होते आणि त्याच बाजूचे मागचे चाक हवेत उचलले जाते. डिफरन्शियलची रीत अशी की उचललेले चाक नुसते गरगर फिरते आणि जमिनीवरचे चाक गप्प राहते. फोर व्हील असूनही गाडी तिथेच घुरघुरत का उभी राहते, याचे उत्तर पुष्कळदा इंजिनात नसून पाट्यात असते.

मग उपाय काय? पाटे वाढवू नका, पाटा लांब करा. हे गणित कोणाही शेतकऱ्याला कळेल. वेळूचा हातभर तुकडा गुडघ्यावर वाकवून पाहा, वाकत नाही. त्याच जाडीची चार हात काठी सहज वाकते. पाट्याचेही तसेच आहे. त्याचा कडकपणा लांबीच्या घनाने घटतो आणि जाडीच्या घनाने वाढतो. युद्धकाळातल्या विलीज जीपचा पुढचा पाटा सुमारे ३६ इंचांचा आणि मागचा ४२ इंचांचा होता. ३६ इंचांच्या जागी तेवढ्याच जाडीचा ४० इंचांचा पाटा बसवला तर लांबी फक्त एक नवमांशाने वाढते, पण कडकपणा चौथाईहून जास्त उतरतो. अमेरिकेतल्या डोंगरी वाटांवर जुन्या सीजे जीप हाकणारे लोक १९८७ साली आलेल्या वायजे जीपचे लांब आणि अडीच इंच रुंद पाटे काढून आपल्या गाडीला घालत आले आहेत. तेही याच हिशोबाने.

पण भावांनो, फुकट काही मिळत नाही. तोच भार लांब पाट्यावर आला की पोलादावरचा ताण लांबीच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लांब पाटा चांगल्या पोलादाचा हवा आणि संचात पाटे पुरेसे हवेत. भंगारातला ट्रकचा पाटा कापून, गॅसने तापवून, ठोकून बसवणे म्हणजे लांब पाटा नव्हे. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेले असते. गॅसची ज्योत लागली की ते पाणी उतरते आणि पाटा तिथेच मोडतो. मोडलेल्या पाट्याला वेल्डिंग करणे तर सरळ घात आहे.

दुसरे असे की पाटा लांबला की पाट्याबरोबर बाकीचेही हलते. या जीपांचा पुढचा पाटा मागच्या टोकाला पक्का आणि पुढच्या टोकाला शॅकलवर झुलता असतो. लांब पाट्यासाठी चेसिसवरचे ब्रॅकेट सरकवावे लागते. एक्सल पुढे गेला तर प्रोपेलर शाफ्ट अपुरा पडतो, ब्रेकचा रबरी पाइप ताणतो, शॉकअपची लांबी चुकते. एक्सल किंचित जरी उताणा-पालथा झाला तरी स्टिअरिंग भरकटते. स्टिअरिंगच्या रॉडची आणि पाट्याची चाल जुळली नाही तर खड्ड्यात चाक गेल्याबरोबर गाडी आपोआप वळते. चाक अडवणारे रबरी ठोकळे जागेवर नसतील तर मऊ पाटा जास्त वाकून टायर मडगार्डला घासतो. आणि मऊ पाट्याची गाडी वळणावर जास्त कलते. कापसाचा भारा हलका पण उंच, हे विसरू नये.

म्हणून जो मिस्त्री नुसता पाटा बदलून "झाले" म्हणतो, त्याच्या हाती गाडी देऊ नका. ब्रॅकेटचे वेल्डिंग, नवे यू-बोल्ट, एक्सलच्या खोबणीत नीट बसलेला सेंटर बोल्ट, पूर्ण वळवून तपासलेला ब्रेकचा पाइप आणि थोडे चालवून पुन्हा आवळलेले नट, एवढे डोळ्यांनी पाहूनच पैसे द्या. आणि गाडी नुसती जुनेपणाने बसली असेल तर आधी मूळ मापाचा नवा संच घाला. पुष्कळांचे काम तेवढ्यावरच भागेल.

आता कायद्याचे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ५२ म्हणते की आरसी बुकातल्या नोंदी कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी घट्ट केले. आरसी बुकात व्हीलबेस लिहिलेला असतो, म्हणजे लांब पाट्याने एक्सल सरकला की गाडी कायद्याच्या पकडीत आली. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते. मंजुरीने बदल करण्याची वाट कायद्यात आहे, पण ती मुख्यतः गॅस किट आणि इंजिन यांच्यासाठी वापरली जाते. पांदणीवर चालणाऱ्या गाडीचा विचार त्यात कोणी केला?

कायदा नको असे आम्ही म्हणत नाही. वेचणीच्या बायका ज्या गाडीत बसतात तिचे स्टिअरिंग तपासलेच पाहिजे. पण तपासणीची सोय न करता नुसती बंदी घातली की काम थांबत नाही, ते अंधारात होते, आणि अंधारातले वेल्डिंग कच्चे असते. म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन मागण्या ठेवतो. शेतीकामाच्या गाड्यांच्या पाट्यांतील बदल तपासून आरसी बुकात नोंदवण्याची सोय आरटीओच्या तालुका शिबिरात व्हावी. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात पाट्याची लांबी, ताण आणि स्टिअरिंगची जुळणी प्रत्यक्ष हाताने शिकवावी. आणि २०२१ साली मातोश्रीच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना जाहीर झाली, तिच्यातले किती रस्ते कागदावर आणि किती जमिनीवर, याचा हिशोब प्रत्येक गावाने ग्रामसभेत मागावा.

पांदण चांगली झाली तर पाटे बदलायचा हा खटाटोप निम्म्याहून अधिक आपोआप संपेल. तोवर पुढचे पाटे वाढवू नका. बैठकीला येताना आपापल्या गावच्या पांदणीची लांबी आणि तिथे मोडलेल्या पाट्यांची गिनती लिहून आणा.