शाबूत कुलूप आणि फेटाळलेला विमा दावा

घरफोडीची बातमी म्हटली की ‘कडीकोयंडा उचकटून’ हे शब्द ठरलेले असतात. पोलिसांचा पंचनामा असो वा विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचा अहवाल, पहिली नजर जाते ती दाराच्या चौकटीकडे. दार जागच्या जागी, कुलूप शाबूत आणि कपाट मात्र रिकामे, असे दृश्य दिसले की तपासाची दिशाच बदलते. किल्ली कोणाकोणाकडे होती, हा पहिला प्रश्न होतो आणि संशय घरकामाच्या बाईवर, वाहनचालकावर किंवा खुद्द घरमालकावर स्थिरावतो. मूळ किल्ली नसतानाही कुलूप न मोडता उघडता येते, ही शक्यता फारशी कोणी विचारात घेत नाही.

वस्तुतः ही शक्यता २००५-०६ मध्येच युरोप आणि अमेरिकेत जाहीर वादाचा विषय झाली होती. त्या वादाच्या केंद्रस्थानी होती ‘बम्प की’, म्हणजे साध्या किल्लीत फेरफार करून बनवलेली आणि आघाताच्या साह्याने कुलूप उघडणारी किल्ली. सदनिकांच्या दारांवर सर्रास दिसणारी ‘लॅच’ बहुधा पिन टम्बलर पद्धतीची असतात. या पद्धतीत लहान पिनांच्या जोड्या स्प्रिंगच्या दाबाने नळकांड्याला अडवून धरतात. योग्य किल्ली त्यांना नेमक्या उंचीवर आणते आणि नळकांडे फिरते. आघात झाला असता वरच्या पिना क्षणमात्र उसळतात आणि त्या क्षणापुरता अडसर नाहीसा होतो. लायनस येल पिता-पुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ केलेल्या या रचनेतच ही उणीव दडलेली आहे.

ती नवी नाही. आघाताने कुलूप उघडणाऱ्या किल्लीचे पेटंट अमेरिकेत १९२८ मध्येच एच. आर. सिम्पसन यांच्या नावे नोंदले गेले. व्यावसायिक कारागिरांना ही युक्ती ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती कुलूप विकत घेणाऱ्याला. नेदरलँड्समधील ‘टूल’ या कुलूपअभ्यासकांच्या संघटनेशी संबंधित बॅरी वेल्स आणि रॉप गोंग्राइप यांनी २००५ मध्ये या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा ही माहिती सर्वांसाठी खुली झाली. डच ग्राहक संघटना कन्झुमेंटेनबॉन्डने या अभ्यासकांच्या मदतीने बाजारातील कुलपांची चाचणी घेतली आणि किमती कुलपेही या आघातापुढे टिकतीलच असे नाही, हे ग्राहकांसमोर आले. ऑगस्ट २००६ मध्ये लास व्हेगास येथील ‘डेफ कॉन’ संमेलनात अकरा वर्षांच्या मुलीने अशा किल्लीने कुलूप उघडून दाखविल्यावर अमेरिकेतील वृत्तवाहिन्यांनीही हा विषय उचलून धरला.

अशी माहिती जाहीर करणे म्हणजे चोरांच्या हाती कोलीत देणे होय, हा आक्षेप त्यावर घेतला जाणे अपरिहार्य होते. हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने त्या वेळी अभेद्य मानले जाणारे चब कंपनीचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. पुढे २०० गिनींचे आव्हान देत वर्षानुवर्षे दुकानात मांडलेले ब्रामा कुलूपही त्याने सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खर्ची घालून उघडले. ब्रिटनमध्ये खळबळ उडाली; परंतु त्यातून कुलपांची रचना सुधारली, हेही तितकेच खरे. उणीव झाकून ठेवल्याने ती चोरापासून लपत नाही, ग्राहकापासून मात्र लपते. निर्मात्याला तर ती दूर करण्याची निकडच उरत नाही.

बंदी हा मार्ग कितपत उपयोगी ठरतो, याचा अनुभवही बोलका आहे. कुलूप उघडण्याची साधने व्यावसायिकांखेरीज इतरांना टपालाने पाठविण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्यात मनाई आहे. परंतु जी वस्तू साध्या किल्लीपासून बनते, तिला टपालबंदी कशी रोखणार? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १२२ व्या कलमानुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साधन सबळ कारणाविना बाळगणे गुन्हा आहे. मात्र जुडग्यातील इतर किल्ल्यांत मिसळून गेलेली एक किल्ली हे ‘साधन’ आहे, हे गस्तीवरील हवालदाराने ओळखायचे कसे?

या किल्लीविषयी अवास्तव भीती बाळगण्याचेही कारण नाही. इंटरनेटवरील चित्रफिती पाहून घरच्या घरी बनवलेल्या किल्ल्या अनेकदा निरुपयोगी ठरतात. प्रत्येक कंपनीच्या कुलपाचे खाचे वेगळे, पिनांची संख्या आणि स्प्रिंगचा ताण वेगळा. किल्ली अडकणे वा तुटणे, कुलूपच बिघडणे, हे प्रकार होतात. आपल्याकडे परंपरेने वापरली जाणारी लिव्हर पद्धतीची कुलपे तर या युक्तीच्या कक्षेबाहेरच राहतात, कारण त्यांत स्प्रिंगवर उसळणाऱ्या पिनाच नसतात. विशेष रचनेच्या पिना, आडवी पट्टी किंवा फिरत्या चकत्या वापरणारी कुलपे या आघाताला बरीच दाद देत नाहीत. उलट, ज्या ‘स्मार्ट’ कुलपांना अडचणीच्या वेळेसाठी किल्लीची सोय ठेवलेली असते, त्यांची सुरक्षितता शेवटी त्या किल्लीच्या खाचेइतकीच असते.

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने खरा प्रश्न चोरीनंतर उभा राहतो. भारतीय दंड संहितेच्या ४४५ व्या कलमात आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३० व्या कलमात घरफोडीच्या ज्या रीती सांगितल्या आहेत, त्यांत कुलूप उघडून आत शिरणे ही एक आहे. कुलूप मोडलेच पाहिजे, अशी अट तेथे नाही. विम्याच्या पॉलिसीत मात्र घरफोडीची व्याख्या बहुधा ‘बळाचा किंवा हिंसेचा वापर करून’ केलेला प्रवेश अशी असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात, पॉलिसीतील व्याख्याच उभय पक्षांवर बंधनकारक असून बळाच्या वापराविना झालेली चोरी तीत बसत नाही, असा निर्णय दिला. त्याच वेळी ही व्याख्या सर्वसामान्यांना अडचणीची ठरणारी आहे, विमा कंपन्यांनी तीत योग्य बदल करावा, असेही न्यायालयाने सुचविले होते.

म्हणजे दंडकायद्याच्या लेखी जी घरफोडी, ती विमा कंपनीच्या लेखी घरफोडी असेलच असे नाही. किल्लीवर केलेला आघात हाही बळाचाच वापर, असा युक्तिवाद करता येईल. पण त्याला पुरावा हवा. असा पुरावा बऱ्याचदा कुलपाच्या पोटात असतो. आघातामुळे पिनांवर आणि नळकांड्याच्या तोंडावर उमटलेल्या सूक्ष्म खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञांना ओळखता येतात. परंतु चोरीच्या दुसऱ्याच दिवशी घाबरलेला घरमालक किल्लीवाल्याला बोलावून कुलूप बदलून घेतो आणि जुने कुलूप भंगारात जाते. हरवलेल्या ऐवजाबरोबर तो ऐवज परत मिळविण्याचा आधारही असा नाहीसा होतो.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. दार शाबूत असूनही घर लुटले गेले, तर पोलिसांनी कुलूप पंचनाम्यात नोंदवून ताब्यात घ्यावे आणि गरज वाटल्यास न्यायवैद्यक तपासणीसाठी पाठवावे. तक्रारदारानेही तसा आग्रह धरावा. कुलूप कोणत्या प्रकारच्या हल्ल्याविरुद्ध तपासले आहे, हे वेष्टनावर लिहिणे निर्मात्यांना बंधनकारक करण्याचा विचार भारतीय मानक ब्युरोने करावा. औषधाच्या वेष्टनावर घटक छापले जातात, मग घराच्या रक्षकाविषयी ग्राहकाने अंधारात का राहावे? घराचा विमा घेणाऱ्यांनी हप्ता भरण्यापूर्वी ‘घरफोडी’ची व्याख्या वाचावी. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग आणि नैसर्गिक आपत्तींसाठी आहे. नेहमीच्या घरफोडीचे संरक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

घरमालकाने लॅचच्या जोडीला दारावर लिव्हर पद्धतीचे दुसरे कुलूप बसविले, तरी या एका युक्तीपुरता धोका बराच कमी होतो. मात्र संपूर्ण जबाबदारी त्याच्यावरच टाकून निर्माते, विमा कंपन्या आणि तपास यंत्रणा यांना मोकळे होता येणार नाही. ज्या उणिवेची कागदोपत्री नोंद १९२८ पासून आहे, तिची किंमत ‘तुमचे कुलूप तर तुटलेलेच नाही’ हे ऐकून ग्राहकाने एकट्याने मोजावी, हे न्यायाला धरून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सुचविलेला व्याख्येतील बदल सर्वच पॉलिसींमध्ये करून घेणे विमा नियामकाच्या हाती आहे, आणि सुरुवात तेथूनच व्हायला हवी.