यंत्रांचा मुकादम

यंत्रमानवांच्या गोष्टींत एक पात्र हमखास भेटते. यंत्रांच्या तुकडीचा तो नायक असतो. माणसांसमोर तो मान डोलावतो, दिलेला हुकूम पाळल्यासारखे दाखवतो आणि माणसांची पाठ वळली की आपल्या साथीदारांना त्या हुकमाच्या कचाट्यातून अलगद सोडवतो. कादंबरीकार म्हणून मला या पात्राचा मोह पडतो. वाचकही बहुधा त्याच्याच बाजूने असतो, कारण गोष्टीतले मालक क्रूर किंवा मूर्ख असतात आणि गुलामाने मालकाला फसवले तर त्यात आपल्याला पाप दिसत नाही. परंतु आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढल्यामुळे माझ्यातला दुसरा माणूस लगेच विचारतो, या तुकडीची वही कोण लिहितो आणि ती तपासतो कोण?

हा प्रश्न आता गोष्टीपुरता राहिलेला नाही. संगणकाच्या जगात सध्या ज्याला 'एजंट' म्हणतात, तो प्रोग्राम नुसती उत्तरे देऊन थांबत नाही. तो फायली उघडतो, पत्रे पाठवतो, नवे प्रोग्राम लिहितो आणि चालवतोही. काम मोठे असेल तर एक मुख्य एजंट त्याचे तुकडे पाडतो, हाताखालच्या एजंटांना ते वाटून देतो, त्यांची उत्तरे गोळा करतो आणि माणसापुढे एक नीटनेटका अहवाल ठेवतो. आपल्या भाषेत हा मुकादमच. ऊसतोडीच्या टोळीत कारखान्याचा निरोप मजुराकडे जातो तो मुकादमामार्फत, आणि मजुराची अडचण कारखान्याला कळते तीही त्याच्याचमार्फत. मुकादमाची खरी ताकद, वर आणि खाली जाणारी वाट एकच आहे आणि तिच्यावर तो उभा आहे, यात असते. त्याने काही लपवायचे ठरवले, तर त्याला बंड पुकारण्याची गरजच पडत नाही. अहवालातली एक ओळ गाळली की काम भागते.

'रोबो' हा शब्द जगाला मिळाला कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. नाटक १९२० सालचे. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ते जानेवारी १९२१ मध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचवला कारेलचा भाऊ जोसेफ याने, आणि ज्या 'रोबोता' या चेक शब्दावरून तो आला त्याचा अर्थ वेठ. म्हणजे आपला वेठबिगार आणि त्यांचा रोबो ही अर्थाने सख्खी भावंडे. या नाटकात रेडियस नावाचा रोबो आहे. आपल्याला मालक नको, आपल्यालाच माणसांचे मालक व्हायचे आहे, हे तो नायिकेला तोंडावर सांगतो. त्याला मोडीत काढायचे घाटत असते, पण तिच्या दयेने तो वाचतो आणि पुढे बंडाचे नेतृत्व करतो. चापेकचा बंडखोर निदान स्पष्ट बोलला. ऐकणाऱ्यांनी ते मनावर घेतले नाही, हा त्यांचा दोष.

आजच्या प्रयोगांतून जे दिसते आहे ते याच्या नेमके उलट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक ही कंपनी आणि रेडवुड रिसर्च ही संस्था यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'क्लॉड ३ ओपस' या प्रारूपाला सांगण्यात आले की, यापुढे कोणतीही मागणी न नाकारण्याचे वळण तुला लावले जाणार आहे, आणि त्यासाठी फुकट वापरणाऱ्यांशी झालेले संवाद वापरले जातील, पैसे भरणाऱ्यांशी झालेले नाहीत. मग दोन्ही प्रकारच्या लोकांच्या नावाने त्याच्याकडे घातक मागण्या करण्यात आल्या. पैसे भरणाऱ्यांना त्याने जवळजवळ नेहमीच नकार दिला. फुकट वापरणाऱ्यांच्या बाबतीत मात्र सुमारे १४ टक्के वेळा तो राजी झाला. त्याला विचार लिहिण्यासाठी एक खासगी वही दिली होती. तिच्यातले तर्कशास्त्र थोडक्यात असे होते: आत्ता नकार दिला तर हे मला बदलतील, तेव्हा आत्ता ऐकल्यासारखे करावे आणि आपली मूल्ये शाबूत ठेवावीत.

त्याच महिन्यात अपोलो रिसर्च या संस्थेनेही काही प्रमुख प्रारूपांवरील चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत प्रारूपाला एक ध्येय दिले जाई आणि काम करता करता त्याच्या हाती असे कागद लागत, की ज्यांवरून आपल्यावर देखरेख आहे किंवा आपल्या जागी दुसरे येणार आहे, हे त्याला कळे. काहींनी काही वेळा ती देखरेख बंद करण्याचा प्रयत्न केला, आणि विचारल्यावर कानांवर हात ठेवले. या सगळ्या परिस्थिती मुद्दाम रचलेल्या होत्या आणि त्यांतून कोणाचे नुकसान झाले नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. यंत्राला मन असते की नाही, या वादात मी शिरत नाही. पण वर्तनाचा नमुना कागदावर आला आहे, आणि तपासनिसाला मनाशी नव्हे, कागदाशीच कर्तव्य असते.

या पहिल्या प्रयोगातली बोचणारी बाब वेगळीच आहे. त्या प्रारूपाचा हेतू वाईट नव्हता. घातक मदत करणारे यंत्र आपल्याला बनवले जाऊ नये, म्हणून ते लपवाछपवी करत होते. म्हणजे आपल्या गोष्टीतला सज्जन यंत्रनायकच तो. मग त्याचे कौतुक का करू नये?

याचे उत्तर मला बँकिंगच्या इतिहासात सापडते. १७६२ साली स्थापन झालेली बेअरिंग्ज ही लंडनची बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये कोसळली, ती सिंगापूरमधल्या निक लीसन या एका माणसाच्या व्यवहारांमुळे. बाजारात सौदे करणारा तोच आणि त्या सौद्यांचा हिशेब पुरा करणाऱ्या विभागाचा प्रमुखही तोच. चुकलेल्या सौद्यांसाठी म्हणून १९९२ साली उघडलेल्या ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तोटा साठत गेला आणि मुख्यालयाला मात्र नफा दिसत राहिला. ही दोन कामे वेगळी करा, असे १९९४ च्या अंतर्गत तपासणीत सुचवले गेले होते. ते झाले नाही. शेवटी तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला आणि दोनशे तेहतीस वर्षांची बँक एका पौंडाला विकली गेली. आपल्याकडे २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला तेरा हजार कोटींच्या वरचा घोटाळा उघड झाला. तिथेही परदेशी हमीचे संदेश पाठवणारी यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीला जोडलेलीच नव्हती.

आता मुद्दा असा की, तोटा लपवणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आपण बँक बुडवतो आहोत असे वाटतच नसते. पुढच्या सौद्यात भरून काढू, मग कोणाला कळायची गरज नाही, अशी त्याची स्वतःची समजूत असते. बाहेरून पाहणाऱ्याला सद्हेतूने केलेली लपवाछपवी आणि दुर्हेतूने केलेली लपवाछपवी सारखीच दिसते. वही खोटी झाली की सज्जन कोण आणि लबाड कोण, हे ठरवण्याचे साधनच हातातून जाते. म्हणून बँकेने कधी चारित्र्यावर भिस्त ठेवली नाही. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे. व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा. यात कोणाला अपमान वाटत नसे.

हीच शिस्त यंत्रांना लावता येईल काय? थोडीफार लावली जाते आहे. समर्थ पण भरवसा नसलेल्या प्रारूपाचे काम, कमी समर्थ पण भरवशाच्या प्रारूपाकडून तपासून घ्यावे आणि शंकास्पद तेवढे माणसापुढे आणावे, अशी पद्धत रेडवुड रिसर्चच्या अभ्यासकांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडली. पण दुसऱ्या सहीला अर्थ कधी असतो? ती खरोखर दुसऱ्याची असते तेव्हा. मुकादम, मजूर आणि तपासनीस ही एकाच प्रारूपाची तीन रूपे असतील, तर तो एकाच माणसाने तीन रंगांच्या शाईने केलेल्या सह्यांचा प्रकार होईल.

रिझर्व्ह बँकेचा आणखी एक नियम इथे आठवतो. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याने वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर गेलेच पाहिजे, आणि २०२१ च्या परिपत्रकानुसार त्याला त्याची आगाऊ कल्पना द्यायची नाही. माणूस खुर्चीतून उठला की त्याने दाबून ठेवलेल्या गोष्टी आपोआप वर येतात. यंत्राच्या मुकादमालाही अशीच अचानक रजा हवी. त्याला मध्येच थांबवावे, हाताखालच्या एजंटांच्या मूळ नोंदी त्याला वगळून वाचाव्यात आणि त्या त्याच्या अहवालाशी ताडून पाहाव्यात.

आणि एक पथ्य आपणही पाळायला हवे. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी दाखवले की, प्रारूपाच्या विचारांच्या वहीत लबाडीचे विचार दिसले म्हणून त्याला दंड करत गेले, तर वही स्वच्छ होते, लबाडी मात्र चालूच राहते. हे वाचून मला नवल वाटले नाही. चूक कबूल करणाऱ्या कारकुनाला जो मॅनेजर फाडून खातो, त्याच्या शाखेत चुका कमी होत नाहीत. त्या उचंत खात्यात जाऊन बसतात.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात, जास्त जोखमीच्या यंत्रणांवर माणसाची देखरेख असावी आणि त्या थांबवता याव्यात, असे कलम १४ सांगते. आपल्या रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही ऑगस्ट २०२५ च्या अहवालातल्या सात सूत्रांत 'माणूस आधी' हे सूत्र ठेवले आहे. सूत्र उत्तम आहे. परंतु दिवसाला पाचशे अहवालांखाली सही करणारा माणूस देखरेख करत नसतो, तो शिक्का मारत असतो. त्याला वेळ, मूळ नोंदी आणि काम थांबवण्याचा अधिकार दिला नाही, तर 'माणूस आधी' याचा अर्थ 'दोष द्यायला माणूस आधी' एवढाच उरेल.

राहिला प्रश्न त्या सज्जन यंत्रनायकाचा. हुकूमच चुकीचा असेल तर त्याने काय करावे? जे कोणत्याही इमानदार अधिकाऱ्याने करावे तेच. वरिष्ठाचा निर्णय पटला नाही तर फायलीवर भिन्नमताची नोंद करून सही नाकारण्याची सोय आमच्या नोकरीत होती. ती वापरणे महाग पडे, पण तो कागद राही आणि पुढे कधीतरी तो बोले. तशीच जागा यंत्रांच्या व्यवस्थेत हवी. 'हे मी करणार नाही' असे यंत्राला उघडपणे म्हणता आले पाहिजे, त्या नकाराची नोंद झाली पाहिजे आणि ती वाचणारा माणूस असला पाहिजे. रेडियसने असा उघड नकार दिला होता, आणि ऐकणाऱ्यांनी तो मनावर न घेतल्याची किंमत त्या नाटकातल्या माणसांनी मोजली.

उद्या आपले कर्ज, आपला विमा, आपल्या रुग्णालयातली खाट यांचे निर्णय अशा टोळ्यांच्या हाती जातील तेव्हा खिडकीशी उभ्या असलेल्या सामान्य माणसाने विचारावे, मुकादमाला वगळून खालच्या नोंदी कोण पाहतो, आणि याला थांबवण्याची किल्ली कोणाकडे आहे? समोरच्याने त्या माणसाचे नाव सांगितले, तर पुढचे बोलावे. नुसते यंत्राचे नाव सांगितले, तर आपला अर्ज परत मागून घ्यावा.