धुराचा हिशेब वेगळा, वाफेचा वेगळा

महाविद्यालयाच्या आवारात सिगारेटची बाजू घेऊन बोलणारा विद्यार्थी आता क्वचितच भेटतो. पूर्वी सिगारेट ओढण्यात एक ऐट असे; ती आता उरलेली नाही. तिच्या जागी एक नवे वाक्य कानावर येऊ लागले आहे : “सर, यात धूर नाही, नुसती वाफ आहे.” पेनासारखी दिसणारी, आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास येणारी ती नळी. गोव्याला कामाला गेलेली मुले सुटीत येताना ती घेऊन येतात. बेळगावातही ती चोरून मिळते, असे विद्यार्थीच सांगतात. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून हे वाक्य मला ऐकवले जात असावे. ते सर्वस्वी खोटे नाही. त्यामुळे ‘व्यसन वाईट’ एवढे म्हणून त्याचे उत्तर होत नाही. नीट हिशेबच मांडावा लागतो.

या अंकाच्या कन्नड विभागातील आपले मित्र तंबाखूला ‘होगेसोप्पु’ म्हणतात. होगे म्हणजे धूर आणि सोप्पु म्हणजे पाला. या नावात बरेचसे शास्त्र सामावलेले आहे, कारण सिगारेटचे मोठे पाप पानात कमी आणि जळण्यात अधिक आहे. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्या आगीतून सात हजारांहून अधिक रसायने निर्माण होतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. शिवाय कार्बन मोनॉक्साइड. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून बसतो आणि हृदयाला प्राणवायूची टंचाई भासते. निकोटिनची गोष्ट निराळी. ते माणसाला खिळवून ठेवते. कर्करोग व फुफ्फुसाचे विकार मुख्यतः धुरातील डांबर आणि विषारी वायू यांच्यामुळे होतात. ब्रिटिश संशोधक मायकेल रसेल यांनी हा फरक १९७६ मध्येच मांडला होता. निकोटिनचे च्युइंगम औषध म्हणून दिले जाते ते याच आधारावर.

आता ती नळी. तिच्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि निकोटिन यांचे द्रावण असते. बॅटरीवर तारेचे वेटोळे तापते आणि द्रावणाचे तुषार बनतात. (खरे म्हणजे ही वाफसुद्धा नव्हे, बारीक तुषारच, पण असो.) ज्वलन नाही म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ च्या अहवालात म्हटले की, या नळीचा दीर्घकालीन अपाय सिगारेटच्या पाच टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव कमी आहे. हा पाच टक्क्यांचा आकडा मुलांना तोंडपाठ असतो. परंतु तो तज्ज्ञांनी बांधलेला अंदाज आहे, माणसांवर वर्षानुवर्षे केलेले मोजमाप नव्हे. ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा अभ्यास रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये सुरू केला. सिगारेट आयुष्याची सरासरी दहा वर्षे खाते, हा पन्नास वर्षांचा हिशेब हाती यायला २००४ साल उजाडले. आजची नळी चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास तयार केली. तिला अजून तेवढा काळच मिळालेला नाही.

जे आज माहीत आहे तेही निर्धास्त करणारे नाही. वेटोळे फार तापले की फॉर्माल्डिहाइड तयार होते. तुषारांत धातूंचे सूक्ष्म अंश सापडतात. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा नळ्या ओढणारी माणसे फुफ्फुसाच्या तीव्र आजाराने रुग्णालयांत दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा रुग्णांची संख्या २,८०७ झाली होती आणि ६८ दगावले होते. मुख्य दोषी ठरले ते गांजाच्या अर्काच्या द्रावणात मिसळलेले ‘ई’ जीवनसत्त्वाचे ॲसिटेट. म्हणजे दोष साध्या निकोटिनच्या द्रावणाचा नव्हता, चोरट्या मालाचा होता, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. पण आपल्याकडे या नळीचा सगळाच बाजार चोरटा आहे! कर्नाटकाने २०१६ मध्ये आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. तंबाखू न जाळता नुसती तापवणारी उपकरणेही त्याच केंद्रीय कायद्यात येतात. तेव्हा ब्रिटनमधल्या तपासलेल्या मालाचा आकडा आपल्याकडच्या बिनतपासलेल्या नळीला लावणे हा चुकीचा हिशेब आहे.

माझ्या मते या वादातला खरा घोळ आणखी वेगळ्याच जागी आहे. ‘कशापेक्षा कमी?’ हा प्रश्न आपण विचारीत नाही. चाळीस वर्षे विडी ओढणारे आजोबा आणि आयुष्यात कधी काही न ओढलेला अठरा वर्षांचा विद्यार्थी, या दोघांना एकच उत्तर देता येत नाही. आजोबांची तुलना धुराशी आहे. त्यांनी धूर पूर्णपणे सोडून निकोटिनचे च्युइंगम चघळले, तर तो निःसंशय लाभ आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात वाफेची नळी दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षानंतर सिगारेटमुक्त होते; च्युइंगम, पट्ट्या वगैरे दिलेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. पण नळीमुळे सुटलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही नळीच ओढत होते. सिगारेट सुटली, निकोटिन सुटले नाही.

विद्यार्थ्याची तुलना मात्र धुराशी नाहीच. ती आपल्या खानापूर तालुक्यातल्या स्वच्छ हवेशी आहे. त्याच्या बाबतीत पाच टक्के हा आकडा वजाबाकीचा नसून बेरजेचा आहे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटिनची पकड अधिक घट्ट बसते. तासाच्या मध्येच ज्याचा हात खिशाकडे जातो, त्याला हे मी सांगायला नको. “मी नळीही ओढतो आणि सिगारेटही कमी केली आहे” म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : दिवसाला वीसऐवजी एकच सिगारेट ओढली तरी हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्याच्या जवळपास शिल्लक राहतो.

हे सारे लिहिताना मला सतत जाणवते की, सिगारेट आणि नळी हा वाद आपल्या भागापुरता बराचसा उसना आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणारे प्रौढ ४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के आणि धुराविना तंबाखू घेणारे २१.४ टक्के आढळले. नंदगडच्या बाजारात उभे राहा आणि मोजा. निराळे चित्र दिसेल असे मला वाटत नाही. विडीत तंबाखू सिगारेटच्या सुमारे चौथाई. पण पान दाट, विझू नये म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये भारतातील मृत्यूंचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषाची सुमारे सहा वर्षे आणि स्त्रीची आठ वर्षे जातात असे दिसले. एवढे असूनही सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटला ४० टक्क्यांच्या गटात ठेवताना विडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. वाफेला बंदी आणि विडीला सवलत, याचा आरोग्याशी काय संबंध आहे हे मला तरी समजलेले नाही.

आणि मिश्री! कोणी तिला मशेरी म्हणते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. ‘धूर नाही, म्हणजे अपाय नाही’ या समजुतीला आपल्या घरातच उत्तर आहे. भाजण्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. धूर तेवढा स्वयंपाकघरात राहतो, विष तोंडात जाते. गरोदरपणी ती लावणाऱ्या बायकांची मुले कमी वजनाची जन्मतात. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायचा ‘स्नूस’ बराच कमी अपायकारक ठरला, पण त्याच्या नावावर आपला गुटखा खपवता येत नाही. आपल्या पुडीत सुपारी असते, चुना असतो आणि नायट्रोसमाइन्स कितीतरी अधिक. कर्नाटकात २०१३ पासून गुटख्याला बंदी आहे. पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी घेऊन ती बंदी हाताच्या तळव्यावर मोडली जाते, हे सर्वांना ठाऊक आहे.

यावर लगेच कोणी विचारील, मग निपाणीचे काय? प्रश्न रास्त आहे. आपल्याच जिल्ह्यातील निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ मध्ये शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी महामार्ग रोखला आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तंबाखूच्या वखारीत कुटताना, चाळताना बायकांनी आयुष्यभर तिची धूळ गिळली. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून अंगात शिरते आणि तोडणी करणाऱ्याला मळमळ, चक्कर येते. माव्यावर तंबाखूचा काढा फवारणाऱ्या शेतकऱ्याला निकोटिन काय चीज आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही. या वर्गात बसलेल्या काहींची फी विडी वळून भरली गेली असेल. म्हणून तंबाखूवर तोंडसुख घेणारे भाषण मला करायचे नाही. विडी वळणाऱ्या बाईला दुसरे काम मिळाले पाहिजे, ही मागणी मी या लेखाचाच भाग समजतो. करसवलतीने विडी वाचते. बाईच्या हाती काय पडते?

महाविद्यालयाला करता येण्यासारखे काही आहे. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. कर्नाटकात आता ती २१ वर्षांखालील कोणालाही विकता येत नाही. आपल्या फाटकापासून ते अंतर आपणच मोजावे. ज्याला सोडायची आहे त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा विनामूल्य दूरध्वनी आहे. तो सूचनाफलकावर कायम असावा. दोन मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते आणि ते विडीइतकेच वाईट नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगायला विज्ञान शाखेची मुले पुरेशी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात घरोघर जाऊन कोण काय घेतो याची नोंद करावी, असे मी सुचवतो. विडी, गुटखा आणि नळी यांची चौकशी कोणीही करावी. मिश्रीचा प्रश्न मात्र मुलींच्या तुकडीनेच विचारावा, आणि तोही चुलीजवळ बसून. ओसरीवर, पुरुषांच्या देखत विचारला तर सगळ्याजणी ‘नाही’ म्हणतील.