परवाना होता, पण कशाचा?

अनमोडच्या घाटात ट्रक दरीत कोसळतो, करमलच्या वळणावर कंटेनर आडवा होतो, किंवा खाणभागातील अरुंद रस्त्यावर टिप्परखाली एखादा दुचाकीस्वार सापडतो. अशा वेळी पंचनामा करणारे पोलीस, जमलेले ग्रामस्थ आणि आम्ही वृत्तपत्रवाले एकच प्रश्न विचारतो: चालकाकडे परवाना होता काय? ‘होता’ असे उत्तर मिळाले की चौकशीची ती बाजू तेथेच मिटते. तो परवाना कोणत्या वाहनाचा होता, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ती पुढे विमा कंपनीचा वकील घेतो, आणि तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते.

1988 च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू वाहनांची प्रतवारी वजनावर केली आहे. 7,500 किलोपर्यंतचे ते हलके, 12,000 किलोच्या वरचे ते अवजड आणि या दोहोंच्या मधले ते मध्यम. येथे वजन म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन नव्हे. गाडी आणि तिच्यावर लादण्यास अनुमती असलेला माल मिळून जे एकूण वजन नोंदणीपत्रात लिहिलेले असते, ते धरावयाचे. ट्रक रिकामा चालला आहे, सबब तो ‘हलका’ आहे, असा युक्तिवाद आम्ही जाणत्या ट्रकमालकांच्या तोंडून ऐकला आहे. कायद्यापुढे तो क्षणभरही टिकणारा नाही.

मूळ कायद्यात परवान्यांचीही अशीच चढती श्रेणी होती. मध्यम मालवाहू आणि अवजड मालवाहू हे स्वतंत्र वर्ग होते. 14 नोव्हेंबर 1994 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हे वर्ग, प्रवासी वाहनांच्या वर्गांसह, पुसून टाकले आणि त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ हा एकच शब्द आणून बसविला. त्या एका शब्दाने न्यायालयांना पुढे तीस वर्षे काम पुरविले. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने छोटा मालवाहू टेम्पो चालविला तर तो परवाना पुरेसा की नाही, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये निर्णय दिला आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच कायम केला. 7,500 किलोपर्यंतच्या वाहनास वेगळी नोंद नको. त्यावरील वाहनास मात्र परिवहन परवाना हवाच. टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या सहस्रावधी लोकांचा जीव या निकालाने भांड्यात पडला, आणि तो योग्यच होता.

परंतु त्या रेषेच्या वर काय? आठ टनांचा मध्यम ट्रक, 2018 च्या वाढीव मर्यादेनुसार साडेअठ्ठावीस टनांचा दहाचाकी टिप्पर आणि चाळीस टनांहून जड असा ट्रेलर, हे सारे कायद्याच्या लेखी एकाच पंक्तीस बसले आहेत. वस्तुतः ही तीन निरनिराळी कामे आहेत. घाट उतरताना भरलेला ट्रक ब्रेकवर नव्हे, गियरवर धरावयाचा असतो. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि नेमका खालच्या वळणावर दगा देतो. ट्रेलरचे पुढचे धूड वळले तरी मागचे आपल्या ओढीने सरळ जाऊ पाहते, म्हणून त्याचे वळण आधीपासून मनात आखावे लागते. हे ज्ञान सपाट मैदानावर रिकामी गाडी फिरवून दाखविणाऱ्यास कोठून यावे? युरोपीय देशांत साडेतीन ते साडेसात टनांचा एक वर्ग, त्यावरचा दुसरा आणि जोडट्रेलरचा तिसरा, अशी विभागणी आहे. तेथील सर्वच गोष्टींचे अनुकरण करावे असे आमचे म्हणणे नाही. मात्र ही पायरी आपल्याच कायद्यात होती आणि आपणच ती काढून टाकली, याचे वैषम्य वाटते.

कायद्यात जे उरले आहे, तेही कमी नाही. परिवहन परवान्यास वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत. त्याच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष बाळगलेला हवा. धोकादायक माल नेणाऱ्यास स्वतंत्र प्रशिक्षण हवे. जानेवारी 2018 मध्ये चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला आणि झोपेतल्या लोकांना रातोरात घरे सोडावी लागली. त्या गावास या प्रशिक्षणाची गरज पटवून देण्याचे कारण नाही.

आमच्याकडे अवजड वाहनाची खरी शाळा म्हणजे क्लीनरची जागा. मध्यरात्री चालकाचा डोळा लागतो आणि पोरगा सुकाणू हाती घेतो. त्याच्याकडे दुचाकीचा परवाना असला तरी पुष्कळ झाले! मालकास हे ठाऊक असते. अपात्र माणसाच्या हाती गाडी देणारा मालकही कायद्याने दोषी ठरतो. 2019 पासून त्यासाठी 5,000 रुपये दंड आहे. पण खरी झळ दंडाची नव्हे. मालकाने जाणूनबुजून अट मोडली असे सिद्ध झाल्यास विमा कंपनी मृताच्या वारसांस भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. कर्ज काढून एकच ट्रक घेतलेल्या सांगे-सत्तरीच्या गृहस्थाने ती कोठून भरावी?

घटनापीठापुढे केंद्र सरकारने कायदादुरुस्तीचा विचार असल्याचे सांगितले होते. त्या दुरुस्तीत मध्यम, अवजड आणि जोडट्रेलर हे वर्ग पुन्हा वेगळे व्हावेत, अशी मागणी गोव्याच्या खासदारांनी लावून धरावी. राज्याच्या वाहतूक खात्यास मात्र दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. चढावर, भरलेल्या वाहनावर चाचणी घेण्यास त्याला कोणी अडविलेले नाही. त्याहून निकडीचे आणखी एक काम आहे. मार्च 2018 मध्ये थांबलेले खनिज उत्खनन 2024 मध्ये डिचोलीत पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात अनेक चालकांनी दुसरा धंदा पत्करला. परिवहन परवान्याची मुदत पाच वर्षांची, पूर्वी तर तीनच होती. ती संपून वर्ष उलटले असल्यास नव्याने चाचणी दिल्यावाचून नूतनीकरण होत नाही. परतलेल्या या चालकांपैकी किती जणांच्या खिशातला परवाना आज जिवंत आहे, हे खात्याने पहिल्या अपघाताची वाट न पाहता खाणीच्या फाटकावरच तपासून घ्यावे.