गडावरून पाणी, काचेतून चेहरा

रामटेकच्या गडावरून अंबाळा तलाव आणि घाटालगतची मंदिरे एका नजरेत येतात. पण मंदिरांचे प्रतिबिंब काठावरून दिसते तेवढे ठसठशीत दिसत नाही. निश्चल पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो. पाण्याच्या पातळीशी १० अंशांचा कोन करून तिरपे पाहिले, की हेच प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर जाते. जितके उंचावरून पाहावे, तितकी नजर पाण्यात खोल शिरते आणि प्रतिबिंबाच्या जागी पाण्याचा हिरवट रंग पुढे येतो.

उंचीमुळे आणखी एक फरक पडतो. काठापासून मागे असलेल्या इमारतीचा खालचा भाग प्रतिबिंबातून गायब होतो. पाण्याला लागून असलेली वास्तू मात्र पायथ्यापासून कळसापर्यंत उमटते. अंबाळ्याचे देखणेपण यातच आहे. गडावरून पूर्ण तलाव टिपावा आणि प्रतिबिंबासाठी पायऱ्या उतरून घाटावर यावे, हेच उत्तम. लेन्सवर पोलरायझर फिल्टर वापरणाऱ्यांनी विशेष जपावे: पाण्याशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो.

पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा पाणी आरशासारखे होते. वैशाखात तापलेल्या हवेमुळे दूरचे दृश्य थरथरते, पावसाळ्यात पाणी गढूळ असते. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास हवा बरी आणि गडावर माणसेही भरपूर. मात्र मागे उजळ आकाश असले की कॅमेरा चेहरा काळा करतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून प्रकाश वाढवावा लागतो. यात्रेकरूंना आधी विचारावे आणि कोणालाही कठड्यावर उभे करू नये.

नागपुरात वर्धा मार्गावरच्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलावर मेट्रो उड्डाणपुलाच्याही वरून धावते. तिथे प्रतिबिंब पाण्यात नाही, खिडकीच्या काचेत पडते. लेन्स काचेला टेकवली की ते नाहीसे होते आणि फक्त शहर उरते. प्रवाशाचा चेहरा आणि खालच्या वाहनांचे दिवे एकत्र हवे असतील तर लेन्स मागे घ्यावी आणि सूर्यास्तानंतरची पहिली काही मिनिटे साधावीत. पुढे बाहेर पूर्ण अंधार होतो, तेव्हा काचेत मुख्यतः उजळलेला डबाच दिसतो.