तासाला दहा माणसे

माल्टा हे भूमध्य समुद्रातील चिमुकले बेट-राष्ट्र. २०२४ साली तेथे ३५ लाखांहून अधिक पर्यटक आले. लोकवस्ती मात्र सहा लाखांच्या आतच. ज्या देशाच्या अर्थव्यवहारात पर्यटनाला एवढे स्थान, त्याने पाहुण्याला दारातून परत पाठवावे, हे अनेकांना रुचणार नाही. तथापि पावला गावातील हाल सफ्लिएनी या भूमिगत दफनस्थळी नेमके हेच घडते. १९०२ साली घरबांधणीच्या खोदकामात हे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे पाताळघर उजेडात आले. तेथील छतांवरील तांबड्या गेरूच्या चित्रांना माणसांचा श्वास आणि त्याचा दमटपणाही बाधतो. म्हणून १९९०च्या दशकात बराच काळ बंद ठेवलेले हे स्थळ २००० साली पुन्हा उघडले, ते तासाला केवळ दहा माणसांपुरते.

दुरून आलेल्या प्रवाशाची यात निराशा होते, हे खरे. परंतु चित्रेच नष्ट झाली, तर वाटाड्याने दाखवावयाचे तरी काय? मर्यादा येथेही हानी दिसू लागल्यावरच आली. वास्तूचे दार उघडण्यापूर्वीच तिला किती माणसे सोसतील, हे ठरविणे हाच खरा धडा होय.