भुलीच्या बंदुकीस दिवसाउजेडी दिसणारा लेसर-नेमदर्शक मिळणेबाबत निवेदन

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य, नागपूर यांचे सेवेशी

महोदय,

जुन्नर वनविभागाच्या हद्दीत उसाच्या फडालगत वस्ती करून राहणारे शेतकरी, आणि बिबट्या वस्तीत शिरला असता ज्यांना प्रथम धावावे लागते ते वनरक्षक व पशुवैद्यक, असे आम्ही सर्व सादर विनंती करितो की, भुलीच्या बंदुकीसाठी लेसर-नेमदर्शक खरेदी करण्याची तजवीज होईल तेव्हा तो जिन्नस छापील माहितीपत्रकावरून न ठरविता भर दुपारच्या उन्हात पारखून घ्यावा.

बिबट्या विहिरीत पडल्याची वा गोठ्यात अडकल्याची वर्दी पुष्कळदा सकाळी येते, आणि मंजुरी, औषध व माणसे जमेपर्यंत सूर्य माथ्यावर आलेला असतो. डार्ट मांडीच्या वा खांद्याच्या मांसल भागातच बसला पाहिजे. तो पोटात किंवा छातीत शिरल्यास प्राणी दगावू शकतो. कोठीच्या सावलीत ठसठशीत दिसणारा तांबडा ठिपका उन्हात त्या पिवळसर, काळ्या ठशांच्या अंगावर असा विरून जातो की नेम धरणारा बंदूक हालवून ठिपकाच शोधीत राहतो, आणि तेवढ्यात जनावर जागा बदलते.

याचे कारण नेत्ररचनेत आहे. भर प्रकाशात मानवी दृष्टी ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट किरणांस सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे, समान शक्तीचा ५२० नॅनोमीटरचा हिरवा ठिपका ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा सुमारे सहापट उजळ भासतो. सबब तांबडाच लेसर अधिक मिलिवॅटांचा घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. भोवती जमाव असतो, त्यात मुले असतात, आणि ५ मिलिवॅटांपलीकडचा किरण डोळ्यास निश्चितच धोक्याचा आहे. हिरव्यातही, स्फटिकांच्या साह्याने ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश काढणारी जुनी रचना थंडीत मंदावते. पौषातल्या पहाटेचा विचार करता थेट डायोडाचा प्रकार पत्करावा.

मात्र हिरवा रंग मार्जारकुळातील प्राण्यांनाही तांबड्याहून ठळक दिसतो, ही गोष्ट आम्ही दडवू इच्छीत नाही. म्हणून लेसराची कळ बोटाखाली असावी, ठिपका नेमाच्या क्षणीच उमटावा आणि तो तोंडाकडे कदापि जाऊ नये. अतिप्रखर उन्हात हिरवाही फिका पडतो. त्यास्तव ज्याचा ठिपका काचेतच राहतो व प्राण्यावर काहीच पडत नाही, असा दर्शकही प्रत्येक बंदुकीस जोडून मिळावा.

लेसराचा किरण सरळ जातो, डार्ट मात्र वाटेत खाली येतो. ज्या वजनाचा डार्ट व जो वायुदाब प्रत्यक्ष वापरावयाचा, त्यांनीच १०, २० व ३० मीटरांवर प्रत्येक बंदुकीचा नेम जुळवून त्याची नोंद दप्तरी ठेवण्याचा हुकूम व्हावा. एरवी उत्तम नेमदर्शकही दिशाभूलच करील.

अखेरीस, खरेदीपूर्वीची चाचणी वैशाखातल्या दुपारी, उसाच्या बांधावर, बिबट्याच्या कातडीसारख्या रंगविलेल्या लक्ष्यावर घ्यावी. ज्यांच्या हाती बंदूक जाणार त्यांनाच तेथे हजर ठेवावे. आणि त्यांना ठिपका स्पष्ट न दिसल्यास माल ताब्यात घेऊ नये, अशी अट निविदेत नमूद करावी.

आपले नम्र,
जुन्नर परिसरातील शेतकरी, वनरक्षक व पशुवैद्यक